कॅथलिक कॉलेजात नेमकं काय कॅथलिक असतं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. लेकीला मुंबईच्या सेंट झेवियर्सला बीएला प्रवेश मिळालाय. आम्ही सांगलीजवळच्या गावातले. तिची दहावीपर्यंतची शाळा मराठी माध्यमाची, घरात कुणी कॉलेजसाठी पुण्याच्या पुढे गेलेलं नाही. तिला इतिहास घ्यायचाय. आनंद खूप झालाय, तो आधी सांगून टाकते.

आता प्रश्न. सासूबाईंचं वय ८१. प्रवेशाचं कळल्यापासून त्या गप्प गप्प होत्या. परवा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "फादर लोकांचं कॉलेज ना? पोर जाईल तशीच परत येईल ना?" मी म्हटलं, तसं काही नसतं. त्या म्हणाल्या, "मग फादर लोक कॉलेज काढतात ते कशापायी?"

मला उत्तर देता आलं नाही. भीती मला नाही, पण प्रश्न मला बरोबर वाटला. धर्मगुरूंनी काढलेल्या कॉलेजात धर्माचं नक्की काय असतं? नावातला संत आणि कोपऱ्यातलं चॅपेल एवढंच, की शिकवण्यातही काही वेगळं असतं? ज्यांनी आतून पाहिलंय त्यांनी लिहा. सासूबाईंना वाचून दाखवणार आहे, तेव्हा जरा समजेल असं लिहा.

चहाबाज
अभिनंदन! लेकीला आधी पेढे द्या, प्रश्न नंतर.

धोबीतलाव_जुना
लेकीचं मनापासून अभिनंदन. मी १९७४ ते ७८ तिथला. मी सातारकडचा, मराठी माध्यमातून गेलेला, त्यामुळे तुमच्या लेकीच्या पोटात आज काय होत असेल ते मला ठाऊक आहे.

आजींना सांगा, चार वर्षांत मला कुणी एकदाही धर्माबद्दल विचारलं नाही. चॅपेल होतं, आत जाऊन शांत बसायची सगळ्यांना मुभा होती. परीक्षेच्या दिवसांत तिथं आमची गर्दी जास्त असायची. ख्रिस्ती मुलांचे त्यांचे वर्ग वेगळे असायचे, आम्हाला त्या वेळात मूल्यशिक्षण. त्यात एक स्पॅनिश फादर यायचे. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी भांडी कोण घासतं, आणि तिची मुलं कुठल्या शाळेत जातात?" चाळीस मुलांपैकी तिघांना उत्तर देता आलं. पुढचा महिनाभर तो तास त्या एकाच प्रश्नावर चालला. माझ्यासाठी त्या कॉलेजातलं धर्माचं जे काही होतं ते हे होतं.

इंग्रजीचं म्हणाल तर पहिलं वर्ष जड जाईल. दिवाळीपर्यंत रडू येतं. तिथं मराठी वाङ्मय मंडळ आहे, जुनं आणि जोरदार. पहिल्याच आठवड्यात तिला तिकडे पाठवा.

हिमरू
अनुभव छान आहे, पण आजींचा प्रश्न एवढ्यानं सुटत नाही. कॉलेज काढतात कशासाठी? इतिहासात उत्तर सरळ आहे, धर्मप्रसारासाठी. आज करत नसतील, पण सुरुवात तीच होती. विल्सन कॉलेज घ्या, नगरचं कॉलेज घ्या, दिल्लीचं सेंट स्टीफन्स घ्या.

वसईची_पोर
हिमरू, तुम्ही घेतलेल्या तीन नावांपैकी एकही कॅथलिक नाही. :) विल्सन स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं, १८३२ पासूनचं. अहमदनगर कॉलेज १९४७ चं, तेही प्रोटेस्टंट परंपरेतलं. सेंट स्टीफन्स अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं. मिशनरी म्हटलं की सगळे एकाच पोत्यात भरायची आपल्याकडे सवय आहे. शाळेत मला मैत्रिणी विचारायच्या, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक तुमच्याच चर्चचे ना? नाहीत हो!

कॅथलिकांमध्येही सगळी कॉलेजं एका माळेतली नाहीत. झेवियर्स येशूसंघाचं, म्हणजे जेझुइट नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचं. पेडर रोडजवळचं सोफिया सेक्रेड हार्टच्या धर्मभगिनींचं, १९४० चं. निर्मला निकेतन आणखी वेगळ्या भगिनींचं, तिथं समाजकार्य शिकवतात. काही कॉलेजं थेट धर्मप्रांताची, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतली. प्रत्येक संघाचा स्वभाव वेगळा आणि तो कॉलेजात उतरतो. सोफियात शिकलेल्या माझ्या मावशा आणि झेवियर्सचे काका यांच्यात कोण जास्त शिष्ट यावरून अजून नाताळात वाद होतो.

हिमरू
चूक मान्य. सेंट स्टीफन्स मी नक्की कॅथलिक समजत होतो. पण मूळ मुद्दा सोडत नाही. येशूसंघाचंच घेऊ. गोव्यात त्यांनी काय केलं?

मांडवीपार
गोव्यातून लिहितोय, म्हणून यात पडतो.

जुन्या गोव्यात फोंड्याच्या रस्त्यावर एक एकटी कमान उभी आहे. पर्यटक बॉम जेझुस चर्चमध्ये संत झेवियरचं शव बघून परत फिरतात, इकडे फार कुणी येत नाही. सेंट पॉल्स कॉलेजचं एवढंच उरलंय. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला तेव्हा त्याची उभारणी चालू होती, १५४३ ला ते सुरू झालं आणि थोड्याच वर्षांत सगळा कारभार येशूसंघाकडे आला. संघ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. युरोपात सर्वसामान्य मुलांसाठी त्यांची पहिली नावाजलेली शाळा सिसिलीत मेसिनाला निघाली ती १५४८ मध्ये. म्हणजे ज्या शिक्षणपद्धतीचं पुढे जगभर नाव झालं, तिचे पहिले धडे गिरवले गेले त्यात आमचं गोवंही आहे. तिथं गोव्याची, मलबारची, मलाक्काची पोरं शिकत होती, अंजिरो नावाचा एक जपानी माणूसही होता. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना इथंच बसला. तो खरं तर ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायचा होता, गोव्यात थांबला तो थांबलाच.

आता दुसरी बाजू, आणि ती मी झाकणार नाही. त्या कॉलेजचा हेतू धर्मप्रसार हाच होता. देशी मुलांना शिकवायचं ते त्यांच्या लोकांत जाऊन धर्म सांगावा म्हणून. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. गार्सिया द ऑर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, आजही त्याचं जगभर नाव घेतात. तो माणूस ज्यू घराण्यातला. मेल्यावर त्याच्यावर खटला चालवून १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. ज्ञान छापणारं आणि हाडं जाळणारं शहर एकच होतं. मी स्वतः कॅथलिक आहे, आणि मुलांना त्या कमानीपाशी नेतो तेव्हा दोन्ही गोष्टी सांगतो.

हिमरू
मांडवीपार, हे इतकं स्वच्छ लिहिल्याबद्दल आभार. माझा आवाज जरा चढा लागला असेल तर क्षमस्व.

धोबीतलाव_जुना
गोव्याचं निघालंच आहे तर फादर थॉमस स्टीफन्सचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. हा इंग्रज माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला, चाळीस वर्षं राहिला आणि इथंच गेला. साष्टीतल्या लोकांमध्ये राहून आपली भाषा इतकी शिकला की सुमारे ११ हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण मराठीत रचलं. १६१६ मध्ये राचोलला ते छापलं, रोमी लिपीत. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपल्याला शाळेत होत्या. एकनाथांना जाऊन तेव्हा वीसेक वर्षंच झाली होती हे लक्षात घेतलं तर अंगावर काटा येतो. धर्म सांगायला आलेल्या माणसाला आधी ओवी शिकावी लागली.

मांडवीपार
आणि त्यानंच कोंकणीचं व्याकरण लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं गेलं. आमच्या पर्वरीच्या कोंकणी केंद्राला त्याचंच नाव आहे. क्रिस्तपुराणाची भाषा मराठी, पण मधेमधे कोंकणी शब्द असे डोकावतात की आमच्याकडची म्हातारी माणसं ऐकून हसतात. (मराठी-कोंकणी वाद इथं सुरू करू नका, हात जोडतो.)

चहाबाज
पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, परत डब्यात ठेवतो.

निष्पर्ण
वनस्पतिशास्त्रवाली, म्हणून माझं सगळं झाडांच्या बाजूनं.

झेवियर्सचा जन्म १८६९ चा, जर्मन जेझुइटांच्या हातून. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं जर्मन फादरांना नजरकैदेत टाकलं आणि पुढे मायदेशी धाडलं. कॉलेज जवळजवळ उघडं पडलं. एथेलबर्ट ब्लॅटर स्विस होते म्हणून राहिले. मुंबई इलाख्यातली गवतं, सिंधच्या वाळवंटातली झुडपं, काश्मीरची फुलं, ताडमाड, जे दिसेल ते या माणसानं गोळा केलं आणि कागदावर चिकटवून ठेवलं. १९०६ मध्ये सुरू झालेला तो संग्रह आज ब्लॅटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो. पश्चिम भारतातल्या वनस्पतींवर काम करणाऱ्या कुणालाही तिथली पायरी चढावी लागते, मीही चढलेय. शंभर वर्षांपूर्वी तोडलेली फांदी, खाली बारीक अक्षरात गाव आणि तारीख. महाबळेश्वर, खंडाळा, पुरंदर. त्यातल्या काही जागी आज ते झाड नाही, तो माळही नाही. फक्त तो कागद आहे.

ब्लॅटरनंतर सांतापाव. हे स्पेनचे. त्यांनी खंडाळ्याचा डोंगर असा पिंजून काढला की त्या भागाच्या वनस्पतींवरचं त्यांचं पुस्तक अजून आमच्या हाताशी असतं. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचे प्रमुख झाले, १९६७ मध्ये पद्मश्री.

आजींना माझ्याकडून एवढं सांगा. या लोकांच्या लेखी झाडाचं पान नीट बघणं हीसुद्धा देवाची सेवाच होती. माझा देवावर विश्वास नाही, पण त्या कागदांवरची चिकाटी बघून मी दोनदा डोळे पुसलेत.

राँचीकर
+१. याच स्वभावाची दोन माणसं आमच्या पूर्वेकडची. मी मूळचा अमरावतीचा, नोकरीमुळे राँचीत.

कोलकात्याच्या सेंट झेवियर्समधले बेल्जियन फादर लाफों. भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं करून दाखवायची त्यांना फार हौस. जगदीशचंद्र बोस त्यांचे विद्यार्थी. महेंद्रलाल सरकारांनी १८७६ मध्ये विज्ञानसंस्था काढली तेव्हा लाफों त्यांच्या पाठीशी उभे होते, आणि त्याच संस्थेत पुढे रामन यांनी काम केलं.

दुसरे आमच्या राँचीच्या झेवियर्सचे फादर कामिल बुल्के. बेल्जियमचे, लुवेनला इंजिनियरिंग शिकलेले. इथं येऊन तुलसीदासांवर जीव जडला. रामकथेचा उगम आणि विस्तार यावर अलाहाबादला प्रबंध लिहिला, तोही हिंदीत, इंग्रजीत लिहायचा तेव्हाचा रिवाज असताना. कॉलेजात हिंदी-संस्कृतचे विभागप्रमुख झाले. त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश माझ्या टेबलावर आहे. १९७४ मध्ये पद्मभूषण.

धोबीतलाव_जुना
राँचीकर, मग हेरासही आलेच पाहिजेत. लेक इतिहास घेतेय ना! जर्मन गेल्यावर स्पेनहून जे फादर आले त्यांच्यात हेन्री हेरास १९२२ ला आले. आमच्या वेळी सांगायचे ती गोष्ट अशी: प्राचार्यांनी विचारलं, कुठला इतिहास शिकवणार? हेरास म्हणाले, भारताचा. येतो का? नाही, पण शिकीन. आणि शिकले! विजयनगरवर ग्रंथ लिहिला, सिंधू लिपीच्या मागे लागले, १९२६ मध्ये संशोधन संस्था काढली. ती आज हेरास इन्स्टिट्यूट. त्यांची सिंधू लिपीची उकल पुढे अभ्यासकांनी मानली नाही, पण मुंबईत पुराव्यानिशी इतिहास लिहायची शिस्त लावणाऱ्यांत त्यांचं नाव घ्यावंच लागतं. कदंब राजघराण्यावर लिहिणारे जॉर्ज मोराइश त्यांचेच विद्यार्थी. १९८१ मध्ये हेरासांवर टपाल तिकीट निघालं.

लेकीला सांगा, पहिल्या महिन्यात हेरास इन्स्टिट्यूटच्या वस्तुसंग्रहालयात जाऊन यायचं.

सदाफुली_७
सगळं फार गोड चाललंय म्हणून थोडं कडू लिहिते. मी मुंबईतल्या एका मुलींच्या कॅथलिक कॉलेजात होते, नाव घेत नाही. मी विरारहून यायचे. मराठी माध्यमाच्या आम्ही सातजणी मागच्या बाकांवर. कुणी बसवलं नव्हतं, पण उठवलंही नव्हतं. बाहीच्या लांबीवरून दंड, ट्रेन चुकली तर दंड. एका सिस्टरनी माझ्या उच्चारांची सगळ्या वर्गासमोर नक्कल केली. तीस वर्षं झाली, मी ते विसरलेली नाही. सेवा, करुणा हे शब्द भिंतीवर होते. त्यामुळे लेकीला तयार करून पाठवा. भिंतीवरच्या शब्दांवर जाऊ नका.

कृष्णाकाठ
सदाफुली, वाचून वाईट वाटलं. हे लेकीलाही वाचायला दिलं. ती म्हणाली, माझी नक्कल केली तर मी उभी राहून परत तोच शब्द म्हणेन.

सदाफुली_७
शाब्बास! त्या वेळी मला हे सुचायला हवं होतं.

गोदातीर
सदाफुलीताईंच्या पुढे जाऊन एक सांगतो. मी श्रीरामपूर भागातला कॅथलिक, आजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. आमच्या वाट्याला झेवियर्स आलं नाही. वडील संगमनेरला ज्ञानमातामध्ये शिकले, तीही येशूसंघाचीच शाळा, मराठी माध्यमाची. मुंबईची नामांकित कॉलेजं ज्या पैसेवाल्या घरांतली मुलं शिकवत होती ती बहुतेक ख्रिस्ती नव्हती. ज्या गरीब ख्रिस्ती घरांच्या नावानं अल्पसंख्याक कोटा असतो, त्यांची मुलं इंग्रजीच्या दारातच अडतात. हे आम्ही चर्चच्या आतही बोलतो, भांडतो.

पण त्याच संघाचे फादर हर्मन बाखरही आमच्याकडचेच. स्विस माणूस, १९४८ मध्ये भारतात आला. नगर जिल्ह्यात दुष्काळात खडी फोडणारी माणसं बघून त्यांच्या डोक्यात एकच बसलं, पाणी डोंगरावरच अडवायचं. पाणलोटाच्या कामाचा जो मोठा पसारा पुढे महाराष्ट्रात उभा राहिला त्याच्या मुळाशी हे बाबा. ते कुठल्या कॉलेजात प्राध्यापक नव्हते, पण आमच्या बापजाद्यांना बांध कसा घालायचा ते त्यांनी शिकवलं. माझ्या मते विद्यापीठ तेही होतं.

१९७३ मध्ये संघाचे प्रमुख पेद्रो अरूपे यांनी व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांना सुनावलं होतं, की आमच्या शाळांनी तुम्हाला न्यायाचं शिक्षण पुरेसं दिलं नाही, शिकायचं ते दुसऱ्यांसाठी. तेव्हा बऱ्याच बड्या घरांना ते झोंबलं. झेवियर्समध्ये पदवीसाठी ६० तास सामाजिक काम करावं लागतं, त्याचं मूळ त्याच विचारात. कृष्णाकाठताई, लेकीनं ते तास मनापासून करावेत, सहीपुरते नकोत.

कलम_तीस
आजींच्या 'पोर जाईल तशीच परत येईल ना' याला कायद्याचं उत्तर देतो.

घटनेच्या कलम २८ प्रमाणे सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. हे झालं तुमच्या लेकीचं संरक्षण. कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. हे संस्थेचं संरक्षण. दोन्ही एकाच घटनेत, थोड्याच अंतरावर.

यावरचा मोठा खटला अहमदाबादच्या सेंट झेवियर्सचाच, गुजरात सरकारविरुद्ध, १९७४, नऊ न्यायमूर्तींचं पीठ. दर्जा टिकावा म्हणून नियम घाला, पण कारभार त्यांच्या हातातून काढून घेऊ नका, असा त्याचा गाभा. न्यायालयानं तेव्हा पाहिलं होतं की या संस्था फक्त धर्म शिकवायला नाहीत, सर्वसाधारण शिक्षण द्यायलाही त्या काढता येतात. 'आपल्या पसंतीच्या' या शब्दांचा अर्थच तो.

पोटोमॅक
उशिरा आलो. वॉशिंग्टनजवळ राहतो, जॉर्जटाऊनला शिकलो. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं कॅथलिक विद्यापीठ, १७८९ चं, तेही येशूसंघाचंच. नदीवरून ते दगडी मनोरे दिसतात तेव्हा छाती भरून येते.

मांडवीपार यांनी कमानीपाशी दोन्ही गोष्टी सांगतो असं लिहिलं, म्हणून हे लिहावंसं वाटलं. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी आपल्या मळ्यांवरचे २७२ गुलाम लुइझियानाला विकले. म्हातारे, बायका, तान्ही मुलं. त्या पैशाचा एक भाग कॉलेजचं कर्ज फेडायला गेला. माझ्या पहिल्या वर्षी मला याचा पत्ताही नव्हता. विक्री ठरवणाऱ्या फादरांचं नाव एका वसतिगृहाला होतं आणि मी रोज त्याच्या समोरून जायचो. विद्यार्थ्यांनी प्रश्न लावून धरला, वंशज पुढे आले. २०१७ मध्ये त्या इमारतीला आयझॅक हॉकिन्सचं नाव दिलं. विक्रीच्या कागदावर पहिलं नाव त्याचं होतं. आणि विद्यापीठानं व संघानं वंशजांसमोर माफी मागितली.

मला त्या कॉलेजनं खूप दिलं. म्हणूनच हे लपवून ठेवायचं नाही असं मला वाटतं. पाप कबूल करणं हा कॅथलिक धर्मातलाच विधी ना? तो संस्थेनंही केला पाहिजे.

वसईची_पोर
पोटोमॅक, शेवटच्या ओळीला माझा नमस्कार.

हिमरू
मी या धाग्यावर भांडायला आलो होतो, वाचतच बसलो. एक प्रामाणिक शंका उरली. आता फादर होणारी मुलं कमी झालीत असं ऐकतो. ब्लॅटर, हेरास, बुल्के सगळे बाहेरून आलेले, लग्न न केलेले, आयुष्य एका खोलीत काढणारे. ती माणसं संपली की कॉलेज कॅथलिक राहतं कशानं? पाटीनं?

वसईची_पोर
आमच्याकडेही मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर हीच चर्चा असते. माझ्या आजोबांच्या पिढीत आमच्या धर्मग्रामातून दर दोन-तीन वर्षांनी एखादा मुलगा फादर व्हायला सेमिनरीत जायचा. आता गावभर लग्नाच्या पत्रिका फिरतात, दीक्षाविधीची क्वचित. फादर पुष्कळ प्रशासनात, वर्गात थोडे.

पण वसईचं उदाहरण देते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो कॉलेजचे प्राध्यापक नव्हते. सुवार्ता मासिक चालवलं, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, बायबल सोप्या मराठीत आणलं, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आमच्या पोरांनी वाचायची सवय त्यांच्याकडून उचलली. म्हणजे परकी माणसं गेली तरी इथली उभी राहतात.

निष्पर्ण
हिमरू, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एक खरं उत्तर आहे. झेवियर्सला २०१५ मध्ये आग्नेलो मिनेझिस हे फादर नसलेले प्राचार्य आले. नंतर २०१८ मध्ये राजेंद्र शिंदे, जे ख्रिस्तीही नाहीत. आणि शिंदे सर कोण? वनस्पतिशास्त्रज्ञ, ब्लॅटर हर्बेरियम सांभाळणारे! स्विस फादरानं चिकटवलेले कागद मराठी माणसानं वाळवीपासून जपले आणि संस्थेनं सगळं कॉलेज त्याच्या हाती दिलं. शंभर वर्षांपूर्वी असं होईल असं कुणाला वाटलं असतं?

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी तिथं २००३ पासून एक केंद्र आहे. पाठ्यपुस्तकं वाचता येतील अशी करून देण्यापासून बँका आणि सरकारशी भांडण्यापर्यंत सगळं ते करतात. ते चालवणारी माणसं फादर नाहीत. काम मात्र कुणाही जुन्या फादरांनी आपलं म्हणावं असं आहे.

धोबीतलाव_जुना
निष्पर्ण, मला थोडं वेगळं वाटतं. शिंदे सरांबद्दल आदरच आहे. पण संध्याकाळी सहानंतरही ज्याच्या खोलीचा दिवा लागलेला असायचा आणि दार ठोठावलं की उघडायचं, असा माणूस आवारातच राहायचा, याचं काहीतरी मोल होतं. माझे वडील गेले तेव्हा मी गावी जायच्या आधी त्या स्पॅनिश फादरांकडे गेलो होतो. त्यांनी मला काही उपदेश केला नाही. चहा केला, एसटीचं तिकीट काढून दिलं आणि स्टँडपर्यंत चालत आले. घरसंसार असलेल्या प्राध्यापकाकडून मी ही अपेक्षा करणार नाही, करूही नये. ते आता नसणार, आणि त्याचं मला दुःख आहे.

चहाबाज
काका, आज नि:शब्द.

कृष्णाकाठ
तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे एकेकाला आभार मानायला हवेत, पण आधी घडलं ते सांगते.

लेक गेली. हॉस्टेल मिळालं नाही, गिरगावात एका बाईंकडे जागा झाली, चालत कॉलेजला जाते. पहिल्या आठवड्यात दोनदा रडली. तिसऱ्या आठवड्यात मराठी मंडळात नाव घातलं. हेरास इन्स्टिट्यूट बघून आली आणि रात्री फोनवर तासभर मूर्तींबद्दल बोलत होती. फादर एकच भेटले म्हणे, त्यांनी गाव विचारलं आणि सांगलीची हळद कशी आहे यंदा, असं मराठीत म्हणाले.

सासूबाईंना धागा रोज थोडा थोडा वाचून दाखवला. हाडं जाळलेलं ऐकून त्यांनी कानावर हात ठेवले. बाखरबाबांचं दोनदा वाचायला लावलं. धोबीतलावकाकांच्या फादरांनी स्टँडपर्यंत सोबत केली ते ऐकून म्हणाल्या, "मग संन्यासीच की तो." त्यानंतर त्यांनी कॉलेजचा विषय काढलेला नाही.

पण आता वेगळंच सुरू झालंय. क्रिस्तपुराणाच्या थोड्या ओव्या मी शोधून वाचल्या. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, मधेच म्हणाल्या, "चाल पोथीचीच आहे." आता रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर विचारतात, त्या साहेबाचं पुढचं आहे का. देवनागरीत पुस्तक कुठं मिळेल? आणि कुठून सुरू करू?

मांडवीपार
देवनागरी आवृत्त्या आहेत, मोठ्या ग्रंथालयात मिळतात. सांगलीच्या जुन्या वाचनालयांतून विचारा, नाही मिळालं तर मला व्यक्तिगत निरोप करा, पर्वरीहून चौकशी करून कळवतो. दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुनी कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचा जन्म आणि पुढचं. अध्यायाला तो अवस्वरू म्हणतो. आजींना पहिल्यापासूनच ऐकू दे. उत्पत्तीची कथा त्यांना आवडेल, आणि अडलेले शब्द इथं लिहा. निम्मे माझी आई सांगेल.

कृष्णाकाठ
आईंना नमस्कार सांगा. पहिला अडलेला शब्द उद्या टाकते.